जिओकॅशिंग: बाण झाडीत वळला तरी आपण वाटेवरच

जिओकॅशिंग म्हणजे इतरांनी लपवलेले डबे फोनच्या जीपीएसने शोधायचा खेळ. संरक्षित क्षेत्रातल्या निसर्गवाटांवर त्यासाठी निघालात तर एक गोष्ट आधीच ठरवून घ्या: पायवाट सोडायची नाही. आमच्या गटाने हे पाळलं. दिवस संथ गेला, पण डबे सापडले.

प्रवेशापाशीच्या फलकावर विणीच्या हंगामामुळे एक वाट बंद असल्याचं लिहिलं होतं. ॲपमध्ये याचा मागमूस नव्हता, तेव्हा फलक आधी वाचा. डब्यांची माहिती, संकेत आणि नकाशा घरूनच उतरवून घ्या. आत नेटवर्क मिळेलच असं नाही, पण जीपीएसला ते लागतही नाही.

पहिला डबा ॲपमध्ये हाकेच्या अंतरावर दिसत होता, मधे मात्र पाणथळ जागा. ॲप सरळ रेषेतलं अंतर दाखवतं. वाट कशी जाते, हे त्याला ठाऊक नसतं. आम्ही ॲपमधल्या दिशादर्शक बाणाकडे पाठ करून वाटेनेच चालत राहिलो. मोठा वळसा पडला आणि लाकडी पूल ओलांडल्यावर डबा वाटेला लागूनच निघाला.

दुसऱ्याने खरा घाम काढला. दाट झाडीत उपग्रहांचे संदेश पानाखोडांमुळे क्षीण होतात, परावर्तित होऊन येतात आणि अंतराचा आकडा नाचायला लागतो. मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो. झाडीत ती चूक दुप्पट-तिप्पट होऊ शकते. त्यात डबा ठेवणाऱ्याच्या यंत्राची चूक वेगळीच. म्हणजे आकडा शून्यावर आणायच्या नादात झुडपं तुडवण्यात काही अर्थ नाही. फोन खिशात घाला आणि वाटेवर उभं राहून नजर फिरवा. निसर्ग काटक्या एका रांगेत लावत नाही. तशी रास दिसली की समजा, इथे माणसाचा हात लागलाय. आम्हाला ती एका पोकळ बुंध्यापाशी दिसली. दिसत नाही त्या पोकळीत थेट हात घालू नका. आधी टॉर्च मारा. साप आणि गांधीलमाश्यांनाही अशाच जागा आवडतात.

२ मे २००० पर्यंत तर अमेरिका नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक ठेवत असे, आणि ती शंभर मीटरपर्यंत जाई. ती काढल्यावर दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगनमध्ये पहिला डबा ठेवला. गंमत म्हणजे ती बादली अर्धवट पुरलेली होती आणि आत खाद्यपदार्थाचा एक डबाही होता. आज खाणं ठेवणं नियमबाह्य आहे आणि जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय खणणंही: खणल्याने जमीन बिघडते आणि खाण्याच्या वासाने प्राणी डबा फोडतात.

एक डबा आम्ही सोडून दिला. त्याच्याकडे जाणारी चोरवाट आधीच्या शोधकांनीच पाडलेली होती, शेवाळ उखडलेलं होतं. 'सापडला नाही' अशी नोंद करणं खोटं ठरलं असतं, म्हणून मालकाला संदेश पाठवून डबा वाटेजवळ आणायला सुचवलं. माझं स्पष्ट मत आहे, अशा जागी अर्थकॅश सगळ्यात बरा. त्यात डबाच नसतो. खडकांचे थर, घडण पाहून प्रश्नांची उत्तरं पाठवायची. २००४ पासून हा प्रकार चालू आहे आणि माहितीफलकापेक्षा जास्त शिकवतो.

पेन्सिल न्याच. सूक्ष्म डबीत शोधणाऱ्याने नाव लिहायच्या कागदाच्या सुरळीपलीकडे काही मावत नाही आणि ओलसर कागदावर पेन रुसतं. मुलं सोबत असतील तर डब्याच्या माहितीत काठिण्याच्या (शोधणं किती अवघड) आधी भूभागाचा (पोहोचणं किती अवघड) आकडा बघा. दोन्ही १ ते ५ मध्ये असतात, पण पायांची परीक्षा भूभागच घेतो. डबा जसा होता तसाच, झाकण घट्ट लावून ठेवा. पायमोज्यात पँट खोचा आणि बाहेर पडल्यावर गोचिडी तपासा, विशेषतः गुडघ्यामागे. नोंदीत जागा फुटेल असा फोटो मात्र टाकू नका.