हाताने चालतं, सर्व्हिस म्हणून चालत नाही

लिनक्स सर्व्हरवर बॅकअप क्लायंटची नवी आवृत्ती टाकली, त्याची सर्व्हिस (पडद्यामागे आपोआप चालणारा प्रोग्राम) रीस्टार्ट केली आणि ती उठेचना. सर्व्हिसची स्थिती दाखवणाऱ्या 'सिस्टमसीटीएल स्टेटस'मध्ये लाल अक्षरांत 'फेल्ड' आणि खाली 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली'. या ओळीने माझा अर्धा तास खाल्ला. ते कारण नव्हेच. १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं की सिस्टमडी (सर्व्हिस सुरू-बंद करणारा लिनक्समधला व्यवस्थापक) नाद सोडतो (हे आकडे बदलता येतात), एवढंच ती सांगते. खरं कारण 'जर्नलसीटीएल'मध्ये, म्हणजे सिस्टमच्या नोंदींमध्ये, बरंच वर दडलं होतं: कोड २०३, 'परमिशन डिनाइड'.

२०३ म्हणजे प्रोग्राम चालून बिघडला असं नाही. सिस्टमडीला तो चालवताच आला नाही. त्यामुळे कॉन्फिग, पोर्ट, पासवर्ड यांच्यावरचा संशय फिटला. फाइलला एक्झिक्यूट परवानगी होती. रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून तीच फाइल हाताने चालवली, तर क्लायंट मुकाट सुरू झाला! इथे मी खरंच चक्रावलो.

शेवटी फाइलींची यादी दाखवणाऱ्या 'एलएस'ला मोठा झेड लावून लेबलं पाहिली. फाइलवर एसईलिनक्सचं (कोणत्या प्रोग्रामने कोणत्या फाइलला हात लावायचा ते लेबलांवरून ठरवणारा लिनक्समधला पहारा) लेबल होतं 'यूजर होम'चं. मी नवी आवृत्ती होम फोल्डरमध्ये उघडून 'एमव्ही'ने 'ऑप्ट'मध्ये हलवली होती. 'एमव्ही' जुनं लेबल सोबत नेतं. 'सीपी'ने कॉपी केलं असतं तर फाइलला नव्या जागेचं लेबल लागलं असतं. माझ्या लॉगिनला एसईलिनक्सने मोकळीक दिलेली, सिस्टमडीला नाही. अशा वेळी 'एसईलिनक्स बंदच करून टाका' हा सल्ला हमखास मिळतो. मला तो पटत नाही. एका चुकीच्या लेबलापायी अख्खा पहारा कशाला उठवायचा? 'रिस्टोअरकॉन' त्या फोल्डरवर चालवलं, लेबलं जागेवर आली.

सर्व्हिस सुरू झाली आणि लगेच पुन्हा पडली. पण आता कोड १, म्हणजे क्लायंट स्वतःच बाहेर पडत होता. हा उपद्व्याप मात्र माझाच. मघाशी रूट म्हणून चालवल्यामुळे नवी लॉग फाइल रूटच्या मालकीची झाली होती, आणि सर्व्हिस चालते वेगळ्या युजरच्या नावाने. तिला लॉगमध्ये लिहिताच येईना. 'चाऊन'ने मालकी बदलली.

मग 'ॲक्टिव्ह' दिसलं. तरी हिरव्या अक्षरांवर न विसंबता एक छोटा बॅकअप घेतला आणि त्यातली एक फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये परत काढली. ती उघडली, तेव्हा कुठे खुर्चीवरून उठलो.