मोटर तीच, स्टार्टर चिकटलेला

सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते. लातूरच्या आमच्या लॅबमध्ये मेंदूच्या गाठीच्या स्लाइड आल्या. औसा तालुक्यातला शेतकरी, आधी डोकेदुखी, मग फीट. निदान अवघड नव्हतं: ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४, म्हणजे मेंदूचा झपाट्यानं वाढणारा कर्करोग. मी अडकले ती केआय-६७च्या, म्हणजे विभाजन चालू असलेल्या पेशी रंगवून दाखवणाऱ्या स्लाइडवर, गाठीच्या कडेला.

मधोमध मोठा, त्रिकोणी न्यूरॉन, म्हणजे मेंदूची चेतापेशी, केंद्रक निळं. त्याला खेटून गाठीच्या सहा पेशी, त्यांतल्या चार तपकिरी. तपकिरी म्हणजे विभाजनाच्या चक्रात असलेल्या. न्यूरॉन त्या चक्रातून कधीच बाहेर पडलेला. डीएनएची नक्कल सुरू करणारं एन्झाइम, पॉलिमरेज अल्फा, त्याच्यात जवळपास बंद. दुरुस्तीचं पॉलिमरेज बीटा तेवढं चालू. आणि शेजारी, गाठीच्या पेशींत, हेलिकेज डीएनएचा पीळ उलगडतंय, पॉलिमरेजं त्याची सहा अब्ज अक्षरं उतरवून घेताहेत, लायगेज तुकडे सांधतंय. इतकी वर्षं झाली, तरी असं काही दिसलं की माझा डोळा नळीवरून हटत नाही.

दुपारी रुग्णाचा भाऊ आला.

"मॅडम, आत किडा शिरला काय? वहिनी म्हणायलीय, मी कोबी नीट धुतला नाही म्हणून झालं. जेवण सोडलंय तिनं."

मी त्याला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. "किडा नाही. बाहेरचं काहीच नाही. नक्कल करणारी एन्झाइमं आपल्या सगळ्यांच्या पेशींत असतात, तीच इथं आहेत. बोअरची मोटर तीच, स्टार्टर चिकटलाय."

"म्हंजे बंदच होईना."

"हो."

मग गोळीचं सांगितलं. टेमोझोलोमाइड डीएनएच्या 'जी' अक्षरावर खूण चिकटवतं. नक्कल करताना पॉलिमरेज तिथं चुकतं, 'सी'ऐवजी 'टी' बसवतं. पेशी ती चूक पुन्हा पुन्हा उकरते आणि शेवटी धागाच तुटतो. न्यूरॉन नक्कलच करत नाही, म्हणून या माऱ्यातून वाचतो. एमजीएमटी नावाचं एन्झाइम मात्र ती खूण पुसून टाकतं. गाठीत त्याचा जीन बंद असेल तर गोळी जास्त लागू पडते. त्या तपासणीसाठी गाठीचा तुकडा असलेला मेणाचा ब्लॉक पुण्याला न्यायला त्याच्याकडेच दिला. आजार मुळातून जाणार नाही, वेळ मिळेल, हेही सांगितलं. ते लपवणं मला जमत नाही.

तो बराच वेळ गप्प होता. मग मोबाइलचा कॅमेरा नळीला लावून म्हणाला, "ती निळी मधी येऊ द्या. वहिनीला दाखवतो."