तुम्ही विचारलंत म्हणून: टेकामोलो पाठ करायचं का?

जर्मन शिकायला आलेले विद्यार्थी सुरुवातीच्या काही महिन्यांतच मला एक प्रश्न विचारतात: "मॅडम, हे टेकामोलो पाठ करायलाच हवं का?" हल्ली विचारणारे वाढलेत. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून नर्सिंग केलेल्या मुली, इलेक्ट्रिशियन, प्लंबिंगचं काम जाणणारी मुलं असे सगळेच जर्मनकडे वळू लागलेत. त्यातले कितीतरी जण मराठी माध्यमात शिकलेले असतात आणि हा प्रश्न विचारताना त्यांचा चेहरा पडलेला असतो. म्हणून जरा सविस्तर सांगते.

टेकामोलो म्हणजे टेम्पोराल, काउसाल, मोडाल, लोकाल या चार शब्दांची आद्याक्षरं. केव्हा, का, कसं, कुठे. क्रियेबद्दलची जादा माहिती, म्हणजे शाळेत आपण जिला क्रियाविशेषण म्हणायचो ती, एका शब्दाची असो की चार शब्दांची, जर्मन वाक्यात साधारण या क्रमाने येते.

माझं उत्तर: पाठ करू नका. हा क्रम तुम्हाला बोलायला लागल्यापासून येतोय.

हे वाक्य बघा. "मी काल पावसामुळे टॅक्सीने ऑफिसला गेले." केव्हा, का, कसं, कुठे. आता जर्मन: "इश बिन गेस्टर्न वेगेन डेस रेगेन्स मिट डेम टाक्सी इन्स ब्युरो गेफारेन." गेस्टर्न म्हणजे काल, वेगेन डेस रेगेन्स म्हणजे पावसामुळे, मिट डेम टाक्सी म्हणजे टॅक्सीने, इन्स ब्युरो म्हणजे ऑफिसला आणि शेवटी गेफारेन, म्हणजे गेले. फक्त 'बिन' हे सहायक क्रियापद पुढे जाऊन बसलंय. बाकी ओळ जशीच्या तशी.

आणि इंग्रजी? "आय वेन्ट टु द ऑफिस बाय टॅक्सी बिकॉज ऑफ द रेन यस्टरडे." ऑफिस, टॅक्सी, पाऊस, काल. बरोबर उलटं.

अडचण इथे आहे. आपल्याकडे मिळणारी जर्मनची बरीच पुस्तकं इंग्रजीतून समजावतात, शब्दकोश इंग्रजीतला, मोबाइलवरचं ॲपही इंग्रजीतून शिकवणारं. विद्यार्थी मराठीत विचार करतो, त्याचं मनात इंग्रजी करतो, त्या इंग्रजीचं जर्मन करतो. पहिल्या पायरीवर ओळ उलटते आणि दुसऱ्या पायरीवर ती पुन्हा सुलटी करायला सूत्र लागतं. मधली पायरी काढून टाकली की सूत्राची गरजच उरत नाही. आपलं इंग्रजी कच्चं आहे म्हणून जर्मन जमणार नाही, असं समजून गप्प बसलेली मुलं मी बघते तेव्हा मला फार वाईट वाटतं. वाक्याच्या या भागात तर त्यांची मराठी हाच त्यांचा सगळ्यात भक्कम आधार आहे.

हा क्रम असा का, हेही कळलं पाहिजे. 'गेले' म्हटलं की 'कुठे?' हा प्रश्न लगेच येतो, त्याच्याशिवाय जाणं अर्धवट वाटतं. टॅक्सीने की बसने, हे त्यानंतर. पावसामुळे हे त्या सगळ्या जाण्याचं कारण. आणि 'काल' तर अख्ख्या प्रसंगालाच लागू आहे. लग्नाच्या फोटोत नवरा-नवरीच्या शेजारी सख्खे आणि कडेला लांबचे उभे राहतात, तसंच हे. क्रियापदाशी ज्याचं नातं जवळचं, ते त्याच्या लगत. मराठीत क्रियापद शेवटी, म्हणून हे सगळे त्याच्या डावीकडे उभे. इंग्रजीत क्रियापद आधी येतं, म्हणून ते उजवीकडे. नाती बदलत नाहीत, बाजू बदलते. जर्मनमध्ये तुमच्या डोळ्यांना क्रियापद दुसऱ्या जागी दिसत असलं, तरी त्याची मूळ जागा शेवटची मानतात. 'गेफारेन' तिथेच राहिलंय, ते त्यामुळेच.

१९९९ मध्ये गुल्येल्मो चिंक्वे या इटालियन भाषाशास्त्रज्ञाने अनेक भाषा ताडून असं मांडलं, की क्रियाविशेषणांची मूळ उतरंड सगळ्या भाषांत एकच असते. सगळ्यांना ते पटलेलं नाही. हा क्रम अर्थातूनच निघतो, वेगळी उतरंड मानायला नको, असं म्हणणारेही आहेत, आणि मला ते जास्त पटतं. "ती पत्र बहुधा नीट वाचेल" हे कानाला बरं वाटतं. "ती पत्र नीट बहुधा वाचेल" हे खटकतं. 'नीट' वाचण्याबद्दल आहे, 'बहुधा' हा बोलणाऱ्याचा अख्ख्या गोष्टीबद्दलचा अंदाज आहे. अंदाज वाचण्याच्या आणि 'नीट'च्या मध्ये घुसला की कान तक्रार करतो.

अर्थात हा क्रम म्हणजे कायदा नव्हे. "मी उद्या पुण्याला जाणार" आणि "मी पुण्याला उद्या जाणार" यातलं दुसरं वाक्य आपण केव्हा म्हणतो? पुण्याला जायचं हे समोरच्याला माहीत आहे, दिवसाबद्दल घोळ आहे, तेव्हा. जर्मनमध्येही माहीत असलेली गोष्ट अशीच डावीकडे सरकते. इथेही तुमचा कान तुम्हाला मदत करेल.

मग मराठी माणूस अडखळतो कुठे? माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वाक्याच्या सुरुवातीला. "उद्या मी म्युनिकला जाणार" हे आपल्याला सहज येतं, म्हणून विद्यार्थी "मॉर्गेन इश फारे" म्हणतो. जर्मनला क्रियापद दुसऱ्याच जागी हवं: "मॉर्गेन फारे इश नाख म्युन्शेन." आधी 'उद्या' आला की 'मी'ने क्रियापदाच्या मागे जायचं. इथे मराठी मदत करत नाही, इंग्रजीही करत नाही. घोकायचंच असेल तर हे घोका.

दुसरी जागा म्हणजे घर. आपण "मी घरी आहे" म्हणतो आणि "मी घरी जाते" असंही म्हणतो. सप्तमीचा तो जुना 'ई' असण्यालाही चालतो आणि जाण्यालाही. शेजारी, माहेरी, सासरी, सगळीकडे तेच. जर्मनला हे दोन्ही वेगळे हवेत: असण्याला 'त्सू हाउझे', जाण्याला 'नाख हाउझे'. ऑफिसचंही तसंच, आत असलात तर 'इम ब्युरो', आत जात असलात तर 'इन्स ब्युरो'. घराच्या बाबतीत मराठीने सोडून दिलेला फरक ऑफिसच्या बाबतीत मात्र आपण पाळतो: ऑफिसमध्ये आहे, ऑफिसला जाते. ऑफिसचं वाक्य मनात धरून घराचं वाक्य बनवा, चूक कमी होते.

एक गोष्ट मात्र जर्मनमध्ये आपल्याहून सोपी आहे. आपण "तो चांगला गातो", "ती चांगली गाते" म्हणतो, "तो कसा आला?", "ती कशी आली?" असं विचारतो. शाळेत क्रियाविशेषणाला अव्यय म्हणायला शिकवलं तरी यातलं बरंच काही लिंगाप्रमाणे बदलतं. जर्मनमध्ये तो गावो की ती गावो, 'श्योन' (म्हणजे छान) ते 'श्योन'च. निश्चिंत राहा.

आता ज्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं तो, 'जाऊन', 'करून'मधला 'ऊन' हा प्रत्यय. "घरी जाऊन, जेवण करून झोप." एकच मुख्य क्रियापद आणि आधीच्या सगळ्या क्रिया 'ऊन' लावून त्याच्या मागे ओवलेल्या. पाणिनीने संस्कृतातल्या 'गत्वा', 'कृत्वा' या रूपांसाठी सूत्र दिलं: समानकर्तृकयोः पूर्वकाले. दोन क्रियांचा कर्ता एक असेल, तर आधी घडणाऱ्या क्रियेला हा प्रत्यय. आपला 'ऊन' महाराष्ट्री प्राकृतातल्या 'ऊण'वरून आला आणि बहुतांशी तोच नियम पाळतो. बहुतांशी म्हणते, कारण "पाऊस पडून रस्ते खराब झाले" यात कर्ते दोन आहेत, आणि तिथे 'ऊन' क्रमाबरोबर कारणही सांगतो. 'म्हणून'मधला 'ऊन'ही तोच. म्हणण्याची क्रिया झिजत झिजत कारण सांगणारा शब्द बनली.

सोलापूर-कोल्हापूरकडच्या मुलांना मी कन्नड वाक्य म्हणायला लावते: "मनेगे होगि, ऊट माडि मलगु." घरी जाऊन, जेवण करून झोप. शब्द वेगळे, भाषाकुळही वेगळं, पण ओवण अगदी एकसारखी. जपानीतही तेच: "उचि ए काएत्ते, गोहान ओ ताबेते, नेरु", म्हणजे घरी परत जाऊन, जेवून झोपतो.

जर्मनकडे ही सोय नाही. तिथे प्रत्येक क्रियेला स्वतःचं पूर्ण क्रियापद द्यावं लागतं आणि मध्ये 'उंड', म्हणजे 'आणि', घालावा लागतो, नाहीतर 'नाखडेम' लावून वेगळं उपवाक्य करावं लागतं, कर्त्यासकट. 'नाखडेम' म्हणजे 'त्यानंतर की'. त्याच्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जातं, एवढाच काय तो दिलासा. बी-वन या मधल्या पातळीच्या परीक्षेत पत्र लिहिताना आपली मुलं अडकतात ती इथे. डोक्यात चार 'ऊन'ची लांबलचक सुंदर मराठी ओळ तयार असते आणि तिला जर्मनमध्ये जागाच नसते. अशा वेळी आधी मराठी वाक्यच मोडा. "घरी जाऊन आईला फोन करून मग झोपले" याचं "मी घरी गेले. मग आईला फोन केला. त्यानंतर झोपले" असं करा आणि एकेक वाक्य जर्मनमध्ये न्या. प्रत्येक वाक्यात 'डान' (मग), 'डानाख' (त्यानंतर) यांसारखा काळाचा शब्द पहिला ठेवा आणि क्रियापद लगेच दुसरं. तपासणाऱ्याला तुमचा क्रम कळेल, आणि 'मॉर्गेन इश फारे'वाल्या चुकीचा सरावही त्यातच होऊन जाईल.