पुढून झिजलेले बूट
(माजी विद्यार्थिनी, दहावी १९९१)

जूनमध्ये घेतलेले माझे काळे बूट दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पुढून फाटायचे. चवड्याखालचा सोल कागदासारखा पातळ व्हायचा, अंगठ्याजवळ मोजा दिसायला लागायचा. टाचा मात्र दुकानातून आणल्या दिवशी होत्या तशाच, रबरावरची नक्षीसुद्धा शाबूत. मुंबईत लालबागला भारतमाता टॉकीजच्या बाजूला बूट-चपला शिवणारे एक काका बसायचे. त्यांनी एकदा बूट उलटा करून आईला दाखवला आणि म्हणाले, "वहिनी, पोरीची टाच जमिनीला लागतच नाय." आई काही बोलली नाही. त्यांनी टायरचा तुकडा कापून पुढच्या भागाला ठोकून दिला. ते १९८२ साल होतं. जानेवारीत गिरणी संप सुरू झाला होता, बाबा घरी बसून होते आणि वर्षात दुसरे बूट घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्या एका जोडाला टायर तीनदा लागला.

मी चवड्यांवर चालायची. चालायला लागले तेव्हापासून. लहान मुलं सुरुवातीला तशी चालतात आणि दोन-तीन वर्षांची होईपर्यंत टाच टेकायला लागतात. माझी टेकली नाही. चाळीतल्या मोरीतून आंघोळ करून बाहेर आले की शहाबादी फरशीवर ओली पावलं उमटायची: पाच बोटं, त्यामागे चवड्याचा अर्धगोल, आणि मग काहीच नाही. आई ती पावलं फडक्याने पुसायची, पण पुसण्याआधी क्षणभर बघत थांबायची. तिचं ते थांबणं मला आजही दिसतं. गौरी आणताना दारापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढतात, तेव्हा शेजारच्या एक आजी म्हणाल्या होत्या, "हिच्याकडून नको गं, अर्धी पावलं येतील." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्या वर्षापासून गौरीचं तबक माझ्या चुलत बहिणीच्या हातात गेलं, आणि ते परत माझ्याकडे आलं नाही.

शाळेत माझं नाव पडलं ‘चवडेकर’. दुसरीपासून दहावीपर्यंत. माझं खरं आडनाव माहीत नसलेल्या मुलीही आपल्या बॅचमध्ये होत्या. मोठ्या वर्गातल्या मुली म्हणायच्या, नखरे करते, उंच टाचांची सँडल घातल्यासारखी चालते. एका बाईंनी मला विचारलं होतं, नाच शिकतेस का. मी नाही म्हटलं तर त्या म्हणाल्या, "मग नीट चाल की." नीट म्हणजे कसं, हे मला खरोखर कळत नव्हतं.

मला काय जाणवायचं ते आज शब्दांत सांगता येतं, तेव्हा येत नव्हतं. टाच टेकली की धक्का पोटरीतून वर चढून दातांपर्यंत पोहोचायचा. आपल्या शाळेच्या पॅसेजमधली मोझेक फरशी पावसाळ्यात ओली आणि गार असायची. बूट काढून प्रार्थनेला उभं राहायचं असलं की ती गार ओल टाचेला लागू नये एवढाच विचार माझ्या डोक्यात असायचा, प्रार्थनेचे शब्द नाही. उलट चवड्यांवर राहिलं की पोटऱ्या ताणलेल्या राहायच्या आणि त्या ताणामुळे मला माझे पाय कुठे आहेत ते समजायचं. गर्दीत, घंटा वाजत असताना, सगळ्या बाजूंनी मुली धावत असताना ते फार गरजेचं होतं. भिंतीला बोटं लावत चालायची मी, तेही त्यासाठीच. दोन्ही हात न हलवता अंगाला धरून चालायची. फरशीच्या लाल चौकटींवर पाय ठेवायचा आणि पांढऱ्यांवर नाही. एखादी पांढरी चुकून पायाखाली आली तर मागे जाऊन पुन्हा चालायची. त्यामुळे वर्गात उशिरा पोहोचायची, आणि उशिरा का आलीस याचं उत्तर मला देता येत नसे.

कवायतीच्या तासाबद्दल लिहू की नको, यावर मी आठवडाभर विचार केला. लिहिते, कारण शाळेच्या या स्मरणिकेत फक्त गोड आठवणी आल्या तर माझ्यासारख्या मुलांची शाळा तिच्यात येणारच नाही. सहावीत २६ जानेवारीच्या संचलनासाठी सराव सुरू होता. ‘सावधान’ म्हणजे टाचा जुळलेल्या आणि चवडे उघडे. माझ्या टाचा जुळायच्या, पण हवेत. आमच्या सरांना तो उद्धटपणा वाटला. एका दुपारी त्यांनी मला मैदानाच्या मधोमध सावधानमध्ये उभं केलं आणि एका मुलीला माझ्या टाचांवर लक्ष ठेवायला बसवलं. टाच वर गेली की तिने हात वर करायचा. पूर्ण तास. तासाच्या शेवटी माझ्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि मी बसकण मारली. मला संचलनातून काढलं. हात वर करणाऱ्या त्या मैत्रिणीला सांगायचं आहे की तू वाचत असशील तर मनात ठेवू नकोस. तू अकरा वर्षांची होतीस आणि तुला सांगितलं ते तू केलंस. सरांबद्दल मात्र मला आजही राग आहे. त्यांना स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, माहीत नव्हती हे मी समजू शकते. रडणारी मुलगी त्यांना दिसत होती.

आणि आता चित्रकलेच्या बाई. जिन्याजवळचा तो लांब काळा फळा आठवतो ना? त्यावर रोज सुविचार आणि दिनविशेष असायचा. बाईंनी माझी वही बघितली होती. माझं अक्षर एकसारखं यायचं, ठिपक्यांची रांगोळी मी न मोजता बरोबर घालायची. संचलनातून काढल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात बाईंनी मला बोलावलं आणि रंगीत खडूंचा डबा हातात दिला. "वरच्या ओळीपर्यंत हात पोहोचतो का बघ," म्हणाल्या. मी चवड्यांवर उभीच होते. पोहोचला. फळ्याच्या वरच्या कडेशी वेलबुट्टी काढायला इतर मुलींना स्टूल लागायचं. मी सहावी ते दहावी, पाच वर्षं, सकाळी साडेसहाला येऊन तो फळा लिहिला. बाईंनी माझ्या चालण्याविषयी एक अक्षरही कधी काढलं नाही. फक्त एकदा, मी लिहीत असताना मागून म्हणाल्या, "पाय दुखले की बसत जा गं." मला पाय दुखतात हे शाळेत त्यांच्याशिवाय कुणालाच सुचलं नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगते. बारावी, नोकरी, लग्न, परळहून डोंबिवली. लोकलमध्ये उभं राहायला मला आवडायचं, गाडीची थरथर तळपायातून येते ती मला शांत करते. २०१० मध्ये मुलगा झाला. तो चालायला लागला तो चवड्यांवर. २०१४ मध्ये, तो चार वर्षांचा असताना, आम्ही त्याला बालविकास तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेलं. तिथल्या थेरपिस्टने त्याचे पाय ओले करून त्याला खाकी कागदाच्या लांब पट्टीवरून चालायला लावलं. कागदावर पावलं उमटली: पाच बोटं, अर्धगोल, आणि मागे काही नाही. माझ्या शेजारी आई बसली होती. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणी असं चालायचं का? आईने माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "ही." मग तिला रडू फुटलं. "मी रोज पुसायचे हो," एवढंच ती परत परत म्हणत होती.

मुलाला स्वमग्नता असल्याचं निदान झालं. दोन वर्षांनी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, माझंही झालं.

त्यानंतर मी मिळेल ते वाचलं. १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत अकरा मुलांचं वर्णन करून स्वमग्नता वैद्यकाच्या नकाशावर आणली. त्या पहिल्याच लेखात त्यांनी नोंदवलंय की यातली काही मुलं चालण्यात आणि मोठ्या हालचालींत जराशी अवघडलेली आहेत, पण बोटांच्या बारीक कामात मात्र कुशल. ते वाक्य वाचलं तेव्हा मला आपला जिन्याजवळचा फळा दिसला. माझ्या जन्माच्या बत्तीस वर्षं आधी कुणीतरी हे लिहून ठेवलं होतं आणि ते लालबाग-परळपर्यंत आलं नव्हतं. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, स्वमग्न मुलांपैकी ८.४ टक्के मुलांच्या वैद्यकीय नोंदीत चवड्यांवर चालणं लिहिलेलं सापडलं, इतर मुलांत ०.४७ टक्के. म्हणजे बहुतेक स्वमग्न मुलं टाच टेकवूनच चालतात. आणि चवड्यांवर चालणारं प्रत्येक मूल स्वमग्न असतं असंही नाही, काही मुलं कुठलंही कारण न सापडता तशी चालतात. कधी मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) किंवा स्नायूंचा आजार त्यामागे असतो. म्हणून डॉक्टरांनी एकदा बघायलाच हवं. स्वमग्न मुलं असं का चालतात, याचं एकच ठाम उत्तर नाही. स्नायू-सांध्यांकडून आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाकडून मेंदूला जाणारे निरोप वेगळे पोहोचतात, तळपायाचा स्पर्श जास्त बोचतो, असं मानलं जातं. माझ्या अंगाने मला जे सांगितलं होतं ते याच्याशी जुळतं.

आईवडिलांनी आणि शिक्षकांनी बघायची गोष्ट माझ्या मते एकच आहे, आणि ती चालण्यात नाही, घोट्यात आहे. वर्षानुवर्षं टाच वर राहिली तर टाचेमागची जाड शीर आखडते. मग मुलाला टाच टेकवायची असली तरी टेकत नाही. हे ओळखायला आपल्याकडे यंत्र नको. मुलाला उकिडवं बसायला सांगा. टाचा जमिनीवर ठेवून बसता येतं का? मला येत नव्हतं. चाळीच्या सार्वजनिक संडासात मी पुढे कडीला धरून बसायची आणि सगळ्यांना असंच बसावं लागतं अशी माझी समजूत होती. सावधानमध्ये माझ्या टाचा का टेकत नव्हत्या याचंही अर्धं उत्तर हेच होतं, सहावीत माझी शीर आधीच आखडलेली असणार. वेळेत कळलं तर पोटरीचे ताण, चढावर चालणं, काही मुलांना काही आठवडे प्लास्टर, रात्री लावायची पट्टी (स्प्लिंट), यांनी बहुतेकदा भागतं. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते. माझ्या मुलाला दादर चौपाटीवर रोज संध्याकाळी वाळूत चालवायचो, कारण वाळूत टाच आपोआप रुतते. आज तो पंधरा वर्षांचा आहे. दमला की, घाबरला की अजूनही चवड्यांवर येतो. घोटा मोकळा आहे, तेव्हा आम्ही त्याला काही म्हणत नाही. माझा घोटा मात्र आता पूर्ण वाकत नाही, आणि पावसाळ्यात जिना उतरताना मला कठडा लागतो.

आपण शाळेत होतो तेव्हा कायद्यातसुद्धा स्वमग्नता नव्हती. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ती आली नाही, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत तिला जागा मिळाली. आता अशा मुलांना परीक्षेत जादा वेळ मिळतो. पॅसेजमध्ये चालताना मात्र त्यांच्याशी कसं वागायचं ते कायद्यातून येत नाही, ते आपल्या चित्रकलेच्या बाईंना येत होतं.

हा लेख द्यायला गेल्या महिन्यात शाळेत आले होते. मोझेक तीच आहे, लाल चौकटी थोड्या फिकट झाल्यात. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि दुसरीतला एक मुलगा भिंतीला बोटं लावत, टाचा उचलून माझ्या समोरून गेला. त्याच्या वर्गशिक्षिका मागे होत्या. "असाच चालतो," त्या म्हणाल्या, "सांगून सांगून दमले." मी त्यांना विचारलं, तो उकिडवा बसू शकतो का. त्यांनी त्याला हाक मारली. तो आला आणि आम्ही दोघं पॅसेजमध्येच उकिडवे बसलो. त्याच्या टाचा वरच राहिल्या, दोन बोटं आत जातील एवढ्या. माझ्याही. त्याने आधी माझ्या पायांकडे बघितलं, मग स्वतःच्या. बाईंनी पर्समधून डायरी काढली आणि पालकांना काय सांगायचं, कुठल्या डॉक्टरांना दाखवायचं ते लिहून घेतलं. तोवर तो उठून जिन्याकडे गेला होता, डाव्या हाताची बोटं भिंतीवर, फक्त लाल चौकटींवरून.