ताईच्या केमोआधीच्या तीन फेऱ्या

ताईच्या कॅन्सरच्या उपचारांसाठीची पहिली फेरी वाया गेली. रात्रभर गाडीत बसून सकाळी साडेसातला आम्ही मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत पोचलो, दुपारी एकला नंबर लागला. डॉक्टरांनी बायोप्सीचा रिपोर्ट वाचला आणि विचारलं, "ब्लॉक आणलेत का?" ब्लॉक म्हणजे काय हेच मला ठाऊक नव्हतं. बायोप्सीत काढलेला तुकडा मेणात बसवून जपून ठेवतात, तो ब्लॉक. त्याचा पातळ काप काचेवर घेतात, ती स्लाइड. उपचार ठरवण्याआधी नव्या हॉस्पिटलचे पॅथॉलॉजिस्ट बहुतेक वेळा दोन्ही पुन्हा तपासतात. आमचे ब्लॉक पहिल्या लॅबच्या कपाटातच राहिले होते. ताई एक शब्द बोलली नाही. परतीच्या वाटेवर खिडकीला डोकं टेकून बसून होती. तसा प्रवास दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

निघण्याआधी लॅबला फोन करा आणि ब्लॉक-स्लाइड दोन्ही मागा. अर्ज द्यावा लागतो, ते लगेच हातात मिळतील असं धरून चालू नका. त्यांच्यावरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिथेच उभं राहून ताडून पाहा. मेण आहे, तेव्हा उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. स्कॅनची सीडीही घ्या आणि ती उघडते का ते घरीच बघा.

दुसऱ्या फेरीला तीन दिवस काढून गेलो. कॅन्सर अंगात कुठे कुठे आहे हे पेट स्कॅनमध्ये दिसतं. त्यासाठी चार ते सहा तास पोट रिकामं लागतं, पाणी चालतं. ताईला मधुमेह आहे. रक्तातली साखर २०० च्या वर गेली तर बऱ्याच ठिकाणी स्कॅन पुढे ढकलतात, म्हणून गोळ्यांचं काय करायचं हे आदल्या दिवशीच विचारून घेतलं. हाताला सुई लावून थोडं किरणोत्सारी औषध देतात, मग साधारण तासभर शांत पडून राहायचं, बोलायचंही नाही. त्यानंतर काही तास लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहायला सांगतात. भाची त्याच संध्याकाळी बाळाला घेऊन भेटायला येणार होती, तिला दुसऱ्या दिवशी बोलावलं.

स्कॅन झाला, हृदयाची टू-डी इको तपासणी झाली, पण गाडं अडलं दुसरीकडेच. हर-टू हे कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रोटीन, ते जास्त आहे का यावर औषध ठरतं. त्याचा रिपोर्ट 'दोन प्लस' आला. म्हणजे धड होही नाही, धड नाहीही नाही. मग त्याच ब्लॉकवर फिश नावाची आणखी एक तपासणी होते आणि तिला बरेच दिवस लागतात. आमची ओपीडीची तारीख मात्र दुसऱ्याच दिवशीची होती.

तेव्हा डे-केअरच्या, म्हणजे केमो देतात त्या विभागाच्या, सिस्टरनी आम्हाला बाजूला बसवलं. केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी सगळ्यात खाली 'केमो' लिहिलं आणि खालून वर जात राहिल्या: केमोच्या आधी पोर्ट (शिरेत औषध सोडायला कातडीखाली बसवतात ती छोटी डबी), पोर्टच्या आधी रक्ततपासणी, औषध ठरण्याच्या आधी फिश. ओपीडीची तारीख खोडून फिशचा रिपोर्ट येण्याच्या पुढची घातली. प्रत्येक खात्याने दिलेली तारीख आपापल्या जागी बरोबरच असते. त्या सगळ्या एकत्र ठेवून बघणारं माणूस हवं असतं. १९९० साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन या सर्जननी गरीब पेशंटना वाट दाखवायला अशी माणसं नेमली, तिथून 'पेशंट नॅव्हिगेटर' ही कल्पना रुजली. तुमच्या हॉस्पिटलात असं कुणी आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा. नसेल तर घरातल्या एकानेच हे काम अंगावर घ्या आणि सगळीकडे त्याचाच फोन नंबर द्या. आमच्याकडे दोन ठिकाणी भाओजींचा होता आणि एका ठिकाणी माझा, त्यात एक निरोप हुकला.

तिसऱ्या फेरीत पोर्ट बसवला आणि गाठीत एक बारीक क्लिप ठेवली. केमो आधी आणि ऑपरेशन नंतर असेल तर क्लिपचं नक्की विचारा. औषधाने गाठ इतकी विरघळू शकते की जागा सापडेनाशी होते, क्लिप ती जागा दाखवते. पहिली केमो नीट पार पडली.

ताईची सायकल, म्हणजे एका केमोपासून पुढच्या केमोपर्यंतचा काळ, २१ दिवसांची आहे. प्रत्येक केमोच्या एक-दोन दिवस आधी गावातच रक्त तपासून रिपोर्ट डे-केअरला पाठवतो आणि त्यांचा होकार आल्यावरच घर सोडतो. पांढऱ्या पेशी कमी असल्या तर केमो पुढे जाते, आणि ते तिथे पोचल्यावर कळणं फार जड जातं. केमोनंतरच्या साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पेशी सगळ्यात खाली असतात. त्या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर गोळी देऊन वाट बघू नका, रात्र असली तरी लगेच फोन करा. रात्रीचा नंबर ओपीडीच्या नंबरापेक्षा वेगळा असतो, डिस्चार्जच्या वेळी मागून घ्या. आम्ही तो थर्मामीटरच्या डबीवर चिकटवलाय.

पुढची केमो बुधवारी आहे. सोमवारी सकाळी ताईचं रक्त द्यायचंय.