आधी रस्ता, मग रणगाडा: बोव्हिंग्टन ते सोम्यूर

छोट्या प्रतिकृती मांडून टेबलावर दुसरं महायुद्ध खेळणाऱ्यांच्या कपाटात डोकावलं तर एक गोष्ट हमखास दिसते. टायगर आणि पँथर हे जर्मन रणगाडे, अमेरिकी शर्मनची अख्खी तुकडी दर खेळीला बाहेर येतात. साखळ्यांचा शर्मन, पुढ्यात काटक्यांची मोळी घेतलेला ब्रिटिश चर्चिल रणगाडा, बिनतोफेची रिकव्हरी गाडी मात्र हौसेने रंगवून होते आणि तिथेच राहते. नियमांत गुण मिळतात ते शत्रूच्या गाड्या उडवल्याचे. खड्डा बुजवणाऱ्याला, सुरुंग झोडपणाऱ्याला, रुतलेल्याला ओढून काढणाऱ्याला त्यात जागाच नसते. मला सगळ्यांत जास्त लळा याच गाड्यांचा. त्या ज्या जमिनीसाठी घडल्या ती जमीन पायाखाली घालायची, असं फार दिवस मनात होतं. टेबलावर नेहमी जर्मन बाजू घेणारा माझा मित्रही निघाला. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून सुरुवात करायची, इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समधलं दिएप, मग १९४४ च्या नॉर्मंडी स्वारीचे किनारे आणि शेवटी ल्वार नदीकाठचं सोम्यूर, असा बेत ठरला.

डॉर्सेटमधल्या वूल स्टेशनवर उतरलं की बोव्हिंग्टन जवळच आहे. १९१६ पासून इथे रणगाडा-सैनिक तयार होत आले आहेत, आणि रणगाड्यांचं संग्रहालय त्या छावणीला लागूनच आहे. आत शिरलेली गर्दी टायगर १३१ कडे वळते, माझा मित्रही तिकडेच गेला. मी शर्मन क्रॅबसमोर थांबलो.

चित्रांतून क्रॅबचा आवाका कळत नाही. पुढे दोन दांडे, त्यांच्यामध्ये आडवा रूळ आणि रुळाला ४३ साखळ्या. रूळ रणगाड्याच्याच इंजिनावर फिरायचा, मिनिटाला सुमारे १४२ फेरे. साखळ्या जमीन झोडपत जायच्या आणि सुरुंग रणगाड्याच्या पुढ्यातच फुटायचे. कल्पनेचं श्रेय दक्षिण आफ्रिकेच्या अब्राहम दु तोआ यांना जातं. १९४२ च्या ऑक्टोबरात एल अलामेनला मटिल्डा रणगाड्यांवर बसवलेले 'स्कॉर्पिअन' हे त्याचं आधीचं रूप. झोडपताना क्रॅबचा वेग ताशी दोन किलोमीटरच्या आसपास, म्हणजे माणसाच्या चालीपेक्षाही कमी. धुळीचा असा लोट उठायचा की चालकाला पुढचं काही दिसत नसे. तोफ मागे वळवून ठेवायची. त्यामुळे पाचच्या पथकातले काही क्रॅब तिरक्या रांगेत एकमेकांच्या पट्ट्याला पट्टा जोडत झोडपायचे आणि उरलेले गोळीबाराने त्यांना सांभाळायचे.

टेबलावर बहुतेक ठिकाणी क्रॅबचा नियम एका ओळीत संपतो: 'सुरुंगक्षेत्रावरून गेल्यास फासा टाका, सुरुंग नाहीसे.' माझ्या मते यात गाडीचा सगळा जीव हरवतो. क्रॅबला निवड करायला लागली पाहिजे. साखळ्या फिरू लागल्या की गोळीबार बंद, चाल नेहमीच्या दहाव्या हिश्शावर, आणि समोरच्या टँकविरोधी तोफेला नेम धरायला पूर्ण सवड. मग खेळाडू आपोआप धुराचे गोळे मागतो, सांभाळणाऱ्या क्रॅबना जागा शोधतो, पायदळ थोपवून धरतो. एका गाडीचा नियम नीट लिहिला की शेजारच्या चार गाड्यांना काम मिळतं.

त्याच संग्रहालयात पहिल्या महायुद्धातले चौकटीसारखे रणगाडे आहेत. २० नोव्हेंबर १९१७ ला कांब्रेच्या लढाईत अशाच रणगाड्यांनी डोक्यावर काटक्यांच्या प्रचंड मोळ्या वाहून नेल्या आणि जर्मन खंदकांत टाकून त्यांवरून पलीकडे गेले. सत्तावीस वर्षांनी नॉर्मंडीत चर्चिलच्या पुढ्यात तीच मोळी होती, फक्त जाड, सुमारे आठ फूट व्यासाची. एखादी युक्ती इतकी साधी असते की तिला पर्याय सापडत नाही.

या सगळ्या गाड्या एका छत्राखाली आणल्या त्या ७९ व्या आर्मर्ड डिव्हिजनच्या मेजर जनरल पर्सी होबार्ट यांनी. त्यांचा जन्म १८८५ चा, नैनितालचा, आणि उमेदीची वर्षं बेंगॉल सॅपर्समध्ये, म्हणजे इंजिनियर सैनिकांत, गेलेली. रणगाड्यांकडे ते नंतर वळले. युद्धाच्या सुरुवातीला त्यांना घरी बसवलं होतं आणि १९४० मध्ये हा माजी जनरल होम गार्डमध्ये लान्स कॉर्पोरल म्हणून उभा होता. पंतप्रधान चर्चिल यांनी त्यांना परत बोलावलं. मला वाटतं, मुळात सॅपर असलेल्या माणसालाच हे काम जमलं असतं. शत्रूच्या तोफेआधी त्याची नजर मातीवर जाते.

न्यूहेवनहून बोटीने दिएपला पोचायला चारेक तास लागतात. धक्क्यावरून आम्ही थेट किनाऱ्यावर गेलो. वाळू नाहीच. मुठीएवढे, काही नारळाएवढे, चकमकीच्या दगडाचे गुळगुळीत गोटे, आणि तेही उतारावर. पाऊल ठेवलं की खालचे गोटे सरकतात आणि आपण होतो तिथेच राहतो. १९ ऑगस्ट १९४२ च्या सकाळी, जर्मनांच्या ताब्यातल्या या बंदरावरच्या छाप्यात, कॅनडाच्या कॅलगरी रेजिमेंटचे चर्चिल रणगाडे इथे उतरले. गोटे पट्ट्यांत आणि चाकांत शिरले, काही गाड्यांचे पट्टे तुटले, काही जागच्या जागी रुतत गेल्या. किनाऱ्याला लागलेल्या २७ पैकी १५ रणगाडे भिंत चढून वरच्या रुंद फिरण्याच्या रस्त्यावर पोचले. गावात एकही शिरला नाही, कारण गल्ल्यांची तोंडं काँक्रीटच्या अडथळ्यांनी बंद केलेली होती. ते अडथळे सुरुंगाने उडवायचं काम इंजिनियर सैनिकांचं. ते उघड्यावर, पाठीवर स्फोटकं घेऊन धावत होते आणि भिंतीपर्यंत पोचण्याआधीच पडत होते. त्या एका दिवसात कॅनडाचे नऊशेहून अधिक सैनिक कामी आले.

समुद्राकडे पाठ करून त्या भिंतीकडे पाहिलं की पुढचं सगळं उलगडतं. इंजिनियरला चिलखताच्या आत बसवून भिंतीपर्यंत न्यायला हवं, ही गरज इथे रक्ताने लिहिली गेली. रॉयल कॅनडियन इंजिनियर्सचे लेफ्टनंट डेनोव्हन यांनी चर्चिलमधली दारूगोळ्याची मांडणी काढून आत सॅपर आणि त्यांची स्फोटकं बसवण्याची कल्पना पुढे आणली. त्यातून 'एव्हीआरई', म्हणजे इंजिनियर सैनिकांचा चिलखती रणगाडा, हा प्रकार जन्माला आला.

मित्र बराच वेळ गोट्यांवर खालीवर करत राहिला. मग म्हणाला, "अरे, आपण किनारा म्हणून पिवळा कागद पसरतो. इथे तर अर्धी लढाई कागदानेच लढायला हवी." त्याचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. दिएपच्या खेळीत गोट्यांवर चालणाऱ्या प्रत्येक रणगाड्याने दर चालीला फासा टाकावा, आणि वळण घेताना दोन. चर्चिल वळला की गोटे पट्ट्याच्या आत ढकलले जायचे, म्हणून वळण महाग.

स्वारीच्या किनाऱ्यांवर पोचल्यावर आम्ही कुर्सेलला मुक्काम केला. गावात समुद्रातून काढलेला, पोहत किनाऱ्याकडे निघालेल्या शर्मनांपैकी एक उभा आहे. पण मला ओढ होती ती पलीकडच्या ग्रे-सुर-मेरची. वाळूच्या टेकड्यांमधून किनाऱ्याबाहेर पडणाऱ्या वाटेवर एक चर्चिल एव्हीआरई आहे. ६ जून १९४४ च्या सकाळी तो मोळी घेऊन पुढे निघाला होता. टेकड्यांमागची जमीन पाण्याखाली होती आणि वाटेत पाण्याने भरलेला मोठा खड्डा होता. चर्चिल त्यात घसरला आणि बुडाला. सहा जणांचं पथक बाहेर पडलं, त्यांतले चौघे लगेचच मॉर्टरच्या माऱ्यात मारले गेले. वाट तर मोकळी व्हायलाच हवी होती. मागच्यांनी बुडालेल्या रणगाड्याचाच आधार घेऊन वरून पूल टाकला, पुढे भराव पडला, आणि 'ज्यूनो' या सांकेतिक नावाच्या किनाऱ्यावरच्या गाड्या त्याच्या डोक्यावरून आत जात राहिल्या. १९७६ मध्ये तो उकरून काढला. मी त्याच्या पोलादाला हात लावला तेव्हा माझ्याच्याने काही वेळ बोलवलं नाही.

त्याच्या बुरुजावर पेटार्ड आहे, आखूड, रुंद तोंडाची २९० मिलिमीटरची. ब्रिटिश अधिकारी ब्लॅकर यांनी रचलेली ही मॉर्टर, म्हणजे उखळी तोफ, सुमारे १८ किलोचा बॉम्ब फेकायची, सैनिक त्याला 'उडता कचऱ्याचा डबा' म्हणायचे. पल्ला जेमतेम ८० यार्ड. भरायची पद्धत प्रत्यक्ष गाडीसमोर उभं राहिल्यावरच नीट कळते. बुरूज फिरवून नळी पुढच्या झाकणावर आणायची, ती मोडून उभी करायची, खाली बसलेल्याने डोक्यावरचं झाकण सरकवून हातांनी बॉम्ब वर ढकलायचा. शत्रूपासून शंभर पावलांवर उघडे हात! टेबलावर पेटार्डला 'जबरदस्त मारा, आखूड पल्ला' एवढंच लिहून भागवतात. भरण्यासाठी एक पूर्ण चाल आणि त्या चालीत जवळच्या पायदळाला संधी, हे त्यात आलंच पाहिजे.

पल्ल्याचा हिशेब आम्ही तिथेच वाळूत बसून मांडला. ८० यार्ड म्हणजे ७३ मीटर. १/१०० च्या प्रतिकृतींत ते ७३ सेंटिमीटर होतात, १/५६ मध्ये तब्बल १३० सेंटिमीटर, म्हणजे चार फुटी टेबलाच्याही बाहेर. खेळात जमिनीचं माप गाड्यांच्या मापापेक्षा नेहमीच आक्रसलेलं असतं, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे घेता येत नाहीत. तुलना मात्र जपावी: पेटार्डच्या पल्ल्यात आलेला चर्चिल हा पायदळाच्या रायफलीच्या टापूत शिरलेला असतो. पूल मात्र गाडीच्याच मापात हवा, कारण तो गाडीवर दिसतो. चर्चिल वाहून न्यायचा तो तीस फुटी पूल १/१०० मध्ये नऊ सेंटिमीटर भरतो, आणि खड्डा त्याहून थोडा अरुंद कोरायचा.

संध्याकाळी ओहोटी लागली आणि ओल्या वाळूचा फार मोठा पट्टा उघडा पडला. मध्येच पाय वेगळाच रुततो, खाली मऊ चिकणमाती आहे. १९४३ च्या शेवटच्या रात्री दोन ब्रिटिश सैनिक नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पोहत आले आणि नळ्यांत वाळूचे नमुने भरून परत गेले, ते याचसाठी. अशा मऊ जागांसाठी चर्चिलवर कॅनव्हासची गुंडाळी बसवली, ती उलगडत तो स्वतःच तिच्यावरून जायचा. आणि पाण्यात बंद पडलेल्यांसाठी होता बार्व्ह: शर्मनचा बुरूज काढून वर होडीच्या नाळेसारखं उंच पोलादी कवच चढवलेली गाडी, नऊ फूट पाण्यातही चालणारी. पथकात एक पाणबुड्या असायचा. तो बुडालेल्या गाडीला दोर अडकवायचा आणि बार्व्ह ओढायचा, वाळूत बसलेल्या छोट्या बोटींना नाकाने समुद्रात परत ढकलायचा. किनाऱ्यावरच्या खेळीत बार्व्हला गोळी झाडायची गरजच नाही. वाटेच्या तोंडाशी अडकलेला एक ट्रक मागचे दहा रोखून धरतो, तो हलवला की बार्व्हने दिवस जिंकला.

सोम्यूरला यायचा हट्ट मित्राचा होता, आणि आल्याचं मला फार समाधान आहे. तिथल्या चिलखती वाहनांच्या संग्रहालयात बेर्गेपँथर आहे, पँथरच्या सांगाड्यावरची रिकव्हरी गाडी. बुरूज नाही, मधोमध ४० टनी विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र), मागे अवाढव्य फाळ. फाळ जमिनीत रोवून गाडी मागे रेटली की ती स्वतःच नांगरून बसते आणि विंच ओढायला लागते. दोर कप्पीतून फिरवून परत आणला तर ओढ जवळपास दुप्पट आणि वेग निम्मा. ही गाडी येण्याआधी एक टायगर हलवायला १८ टनी फामो ट्रॅक्टर तीन-तीन जोडावे लागत. एका टायगरने दुसऱ्याला ओढायची मनाई होती, कारण मग इंजिन-गिअरबॉक्स जाऊन दोन्ही गमवायची पाळी यायची. तरी निकडीच्या वेळी चालक ती मोडायचेच.

मित्रपक्षांच्या रिकव्हरी गाड्यांवर अनेकदा खोट्या तोफा असत, चर्चिलच्या दुसऱ्या नमुन्याच्या रिकव्हरी गाडीवर तर अख्खा बुरूजच खोटा. बिनतोफेची गाडी दिसली की शत्रूला धीर चढतो, म्हणून. हा नियम टेबलावर आणायला मला फार आवडेल: समोरच्याने ठरावीक अंतरात येईपर्यंत तिला खरा रणगाडाच धरायचं.

खरी अडचण वेळेची आहे. आमची एक खेळी म्हणजे लढाईचा तास-दीड तास, आणि गाड्या ओढून काढायचं काम सहसा अंधार पडल्यावर, गोळीबार थंडावल्यावर चालायचं. त्यामुळे रिकव्हरी गाडीची जागा एका खेळीत कमी आणि सलग चालणाऱ्या मोहिमेत जास्त. सोम्यूरच्या नदीकाठी बसून आम्ही त्याचे नियम लिहून काढले. मैदान ज्याच्या हाती राहिलं, त्याने आपल्या बंद पडलेल्या प्रत्येक गाडीसाठी फासा टाकायचा, जळालेल्यांसाठी नाही. जवळ रिकव्हरी गाडी असेल तर फासा दुसऱ्यांदा टाकता येईल. माघार घेणाऱ्याची बंद गाडी शत्रूकडे जाईल. बेर्गेपँथर असेल तर माघारीतही एक गाडी वाचवता येईल, पण त्यासाठी खेळ संपण्याआधी तिला टेबलावर, त्या गाडीला दोर लावलेल्या अवस्थेत असावं लागेल.

शेवटच्या कलमावर मित्राने बराच वाद घातला. त्याला बेर्गेपँथर टेबलाबाहेर सुरक्षित हवी होती. मी अडून राहिलो, आणि तीन फामोंना एकत्र तेवढाच हक्क द्यायच्या अटीवर त्याने मान्य केलं. आता तो फामो जोडतोय, आणि मी ग्रे-सुर-मेरच्या वाटेचा सहा बाय चारचा फलक बनवतोय. त्यातला खड्डा चर्चिल बुरुजापर्यंत मावेल इतका खोल कोरला आहे.