पालखीच्या मुक्कामातला आमचा जनरेटर

ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा नाना पेठ आणि भवानी पेठ माणसांनी भरून वाहते. तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाला, माउलींची पालखी विठोबा मंदिरात, आणि आजूबाजूच्या शाळा, वाडे, तालमी, दुकानांचे ओटे इथे दिंड्या उतरलेल्या. आमचा डॉक्टर आणि मित्रमंडळींचा एक गट तिथल्या एका शाळेच्या आवारात औषधोपचाराचा मांडव घालतो. फोड, जखमा, ताप, दमा, रक्तदाब, असं रात्री उशिरापर्यंत चालू असतं. पावसात वीज गेली तर ड्रेसिंग बॅटरीच्या उजेडात कसंबसं उरकता येतं, पण दम्याच्या आजोबांचं नेब्युलायझर (औषधाचा फवारा श्वासातून देणारं यंत्र) थांबून चालत नाही. म्हणून गटाने पेट्रोलवर चालणारा दोन केव्हीएचा छोटा जनरेटर घेतला. गेल्या वारीला तो सांभाळायचं काम माझ्याकडे होतं.

आधी भाराचा हिशेब केला. एलईडी ट्यूब दहा, प्रत्येकी 20 वॅट. पंखे सहा, साधारण 75 वॅटचे. दोन नेब्युलायझर, मोबाइल चार्जिंगचा एक बोर्ड, औषधांचा छोटा फ्रिज. बेरीज हजार-अकराशे वॅटच्या आसपास आली. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, त्यासाठी जागा सोडावी लागते. पाण्याची इलेक्ट्रिक किटली कोणीतरी आणलीच होती, ती एकटीच 1500 वॅटची. ती मी परत पाठवली आणि पाणी गॅसवर तापवायचं ठरलं. छोट्या जनरेटरवर उष्णता तयार करणारी उपकरणं लावूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरा वाद झाला तो जागेवरून. मांडववाल्या दादांचं म्हणणं, मांडवाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवा, ताडपत्रीखाली राहील, वायर कमी लागेल. मी नाही म्हणाले. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं आणि झोपेतला माणूस उठतच नाही. आमच्या मांडवात येणारा दर दुसरा वारकरी नेमक्या याच तक्रारी घेऊन येतो, कारण तो उन्हापावसातून चालून आलेला असतो. म्हणजे मांडवात धूर शिरला तर आम्हाला पत्ताही लागला नसता. गोळी देऊन, पाणी पाजून आम्ही त्या माणसाला तिथेच आडवं केलं असतं. आमच्या डॉक्टरताईंनी त्यात आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी कधीच विसरणार नाही. बोटाला लावतो ते साधं ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजन घेतलेलं रक्त यांत फरक करू शकत नाही. आकडा 98 दाखवेल आणि माणूस गुदमरत असेल.

त्यामुळे जनरेटर गेला मैदानाच्या पार टोकाला, मांडव आणि शाळेच्या खिडक्यांपासून सात-आठ मीटर लांब. सहा मीटरच्या आत तर नकोच. सायलेन्सरचं तोंड मोकळ्या बाजूला. मैदान मोठं होतं म्हणून हे जमलं. गॅलरीत, जिन्याखाली, तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा दार अर्धवट उघडं ठेवून गॅरेजमध्ये जनरेटर लावणारी घरं मी पुण्यात पाहिली आहेत. खिडकी उघडी ठेवली म्हणजे भागतं असं तिथे सगळे धरून चालतात. भागत नाही.

लांब ठेवायचा म्हणजे वायर आली. विजेच्या सामानाच्या बाजारात, तपकीर गल्लीत जाऊन 2.5 चौरस मिलिमीटरची तीन कोरची तांब्याची केबल घेतली. एवढ्या अंतरावर आणि आमच्या भाराला त्यात जेमतेम एक-दोन व्होल्ट पडतात. केबल रिळावर गुंडाळलेली ठेवून वापरली तर आतल्या आत तापते, म्हणून सगळी सोडवून भिंतीकडेने, पायाखाली येणार नाही अशी नेली.

अर्थिंगचं काम आमच्या ओळखीच्या वायरमन काकांनी केलं आणि करता करता समजावलंही. छोट्या जनरेटरमध्ये न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, बहुतेक वेळा बॉडीला जोडलेली नसते, मोकळी असते. अशा वेळी बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवला तरी एखाद्या उपकरणाच्या बॉडीत करंट उतरला तर हा स्विच पडेलच, म्हणजे वीज तोडेलच, असं नाही, कारण करंटला परत जायला वाटच नसते. त्याचं टेस्ट बटण मात्र दाबलं की तो पडतो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. काकांनी न्यूट्रल आणि बॉडी जोडून तांब्याची सळई ओल्या मातीत खोल ठोकली, आणि मग मुद्दाम फॉल्ट करून आरसीसीबी पाडून दाखवला. हे काम ज्याला येतं त्याच्याकडूनच करून घ्यावं.

शाळेच्या शिपाईमामांनी एक सूचना केली होती, तीही प्रेमाने. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करा, जनरेटर भिंतीतल्या सॉकेटला जोडा, सगळी शाळा उजळेल, आतल्या दिंडीलाही उजेड होईल. काकांनी तिथल्या तिथे हात जोडले. मेन स्विच चुकून चालू राहिला तर जनरेटरची वीज उलटी बाहेर जाते, रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून चढून 11 हजार व्होल्टच्या लाइनवर पोहोचते, आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या महावितरणच्या माणसाच्या हातात उतरते. घराला जनरेटर जोडायचाच असेल तर मेन आणि जनरेटर एका वेळी जोडलेच जाणार नाहीत असा चेंजओव्हर स्विच लागतो. आम्ही दिंडीला चार्जिंगचे दिवे दिले.

पेट्रोलचं म्हणाल तर पंपावर बाटलीत देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. घट्ट झाकणाचे पाच लिटरचे दोन धातूचे कॅन होते. 1934 च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं 30 लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना बाळगता येतं, पण दिंड्या उतरलेल्या आवारात तेवढं ठेवण्याचा विचारही करू नये. कॅन जनरेटरपासून आणि मांडवापासून वेगळे, सावलीत, कुलूप लावलेल्या लोखंडी पेटीत.

मुक्काम सुरू झाला आणि संध्याकाळी वीज गेलीच. ऑइल डिपस्टिकवर पाहून ठेवलं होतं. पेट्रोलचा कॉक उघडला, चोक ओढला, दोरी ओढली, इंजिन लागल्यावर चोक हळूहळू मागे. दोन-तीन मिनिटं रिकामं चालू दिलं आणि मगच एकेक स्विच टाकला, फ्रिज सगळ्यात आधी. बंद करताना बरोबर उलटं: आधी भार काढायचा, थोडं रिकामं चालवायचं, मग बंद.

एका टाकीवर रात्र निघत नाही. चालू इंजिनात पेट्रोल ओतणारे लोक मी पाहिले आहेत, आणि तापलेल्या सायलेन्सरवर एक ओघळ आला तर काय होईल याचा विचार करून आजही अंगावर काटा येतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या विडीपर्यंतही पोहोचते. म्हणून आम्ही भरायची वेळ आधीच ठरवली होती: रात्रीच्या जेवणानंतर गर्दी ओसरते तेव्हा. त्या वेळी नेब्युलायझरवर कोणी नाही हे पाहायचं, बॅटरीचे दिवे लावायचे, इंजिन बंद करून वीस मिनिटं थंड होऊ द्यायचं आणि नरसाळ्याने भरायचं. टाकी काठोकाठ नाही, वर थोडी जागा सोडून. पावडरचं अग्निशामक आणि वाळूची बादली हाताशी. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकलं तर ती पाण्यावर तरंगत पसरते, हे सगळ्या स्वयंसेवकांना मी बजावून सांगितलं होतं.

पावसाचा जोर वाढला तेव्हा पुन्हा तोच आग्रह: ताई, व्हरांड्यात आणा, यंत्र भिजेल. जनरेटर विटांवर मांडलेल्या लाकडी फळ्यांवर होता, वर चार खांबांवर पत्रा, चारही बाजू उघड्या. ताडपत्रीने गुंडाळला तर तो तापतो आणि धूरही कोंडतो. पावसाची तिरकी झड फारच आत यायला लागली तेव्हा तेवढा वेळ तो बंदच ठेवला. नेब्युलायझर आधीच घेऊन ठेवलेल्या छोट्या इन्व्हर्टरवर चालवलं.

सगळ्यात कठीण काम पुढेच होतं. मध्यरात्रीनंतर जिथे कोरडी जागा दिसेल तिथे माणसं अंग टाकतात, आणि इंजिनाजवळची जमीन उबदार असते. दोन आजी आणि एक आजोबा पत्र्याच्या कडेला घोंगडी अंथरून झोपायच्या तयारीत होते. "माउली, इथं धूर आहे, आत या," म्हटलं तर आजी म्हणाल्या, "आम्हाला धुराची सवय आहे गं, चुलीवरची माणसं आम्ही." चुलीचा धूर डोळ्यांना झोंबतो, खोकला काढतो, म्हणजे तो सांगून येतो. इंजिनातला हा वायू सांगत नाही, एवढं मी त्यांच्याजवळ बसून समजावलं आणि त्यांचं अंथरूण उचलून मांडवात नेलं. मग दोरी बांधली आणि रात्रभर पाळीपाळीने माणूस बसवला. जनरेटरच्या खर्चात हा पहाऱ्याचा माणूस धरायलाच हवा.

पालख्या हडपसरपर्यंत पोहोचून एक दिवे घाटाकडे आणि दुसरी लोणी काळभोरकडे वळली तेव्हा आमचं देखभालीचं काम सुरू झालं. वर्षातून एकदा चालणारं यंत्र चालण्यापेक्षा पडून राहण्यानेच जास्त बिघडतं. टाकीतलं उरलेलं पेट्रोल काढून कोणाच्या तरी स्कूटरमध्ये घातलं. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल शोषतं. पेट्रोल महिनोन्‌महिने कार्ब्युरेटरमध्ये राहिलं की चिकट थर बसतो आणि त्यातले बारीक जेट, म्हणजे पेट्रोल यायची छिद्रं, बुजतात. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं आणि कार्ब्युरेटरच्या खालचा स्क्रू सैल करून उरलंसुरलं थेंबथेंब काढलं. कोमट इंजिनातून ऑइल पातळ होऊन नीट निघतं, म्हणून ते लगेच बदललं. जुनं ऑइल गटारात न ओतता गॅरेजवाल्या मामांना दिलं. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल वीसेक तासांतच बदलायचं असतं, पुढे शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी होईल तसं. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, ऑइलमध्ये बुडवून घट्ट पिळून परत बसवला. प्लग काढून चमचाभर ऑइल आत सोडलं, दोरी दोन-तीनदा ओढली, प्लग परत लावला आणि दोरी जड लागते तिथे थांबवली. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, सिलिंडरमध्ये ओल शिरत नाही.

आता तो कोथरूडला एका मित्राच्या कोरड्या खोलीत आहे. ज्येष्ठ लागण्याआधी ताजं पेट्रोल घालून अर्धा तास भारावर चालवून बघायचा. या वेळी मांडवात लावायला बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घेतला आहे, आणि केबल आणखी दहा मीटर वाढवणार आहे.